डुकरिणीच्या खाद्यातले तेल पिलांपर्यंत पोहोचते का?

मुरबाडकर

नमस्कार मंडळी.

मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला माझ्या बावीस डुकरिणी आहेत. काही निव्वळ लार्ज व्हाइट यॉर्कशायर, बाकीच्या त्यांच्या संकरातल्या. गेल्या मे महिन्यात माझ्याकडे जे घडले ते सविस्तर मांडतो आणि जाणकारांनी त्यावर मोकळेपणाने लिहावे अशी विनंती करतो.

गाभण डुकरिणीला शेवटच्या महिन्यात माशाचे तेल दिले की पिल्ले चपळ निपजतात आणि लगेच सडाला लागतात, असे मला एका खाद्यविक्रेत्याने सांगितले. ओमेगा-३ मेदाम्लांविषयी मी थोडेफार वाचले होते, त्यामुळे ते पटले. त्याच्याकडून पन्नास लिटरचा एक कॅन घेतला आणि पत्र्याच्या शेडमध्ये, खाद्याच्या गोण्यांशेजारी ठेवला. ज्यांना ते द्यायचे त्या दर डुकरिणीला दिवसाला सुमारे शंभर ग्रॅम या मापाने मी ते भरडीत कालवत होतो. दुसऱ्या आठवड्यापासून दोन डुकरिणी गव्हाणीत तोंड घालून परत मागे घेऊ लागल्या. तेलाला वास होता, पण माशाच्या तेलाला वास असणारच, असे समजून मी दुर्लक्ष केले.

त्यांतली एक डुकरीण अकरा पिल्ले व्याली. पिल्ले दिसायला बरी होती. तिसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे सगळ्यांना मानेत लोहाचे इंजेक्शन दिले, प्रत्येकी दोनशे मिलिग्रॅम. संध्याकाळी पाहतो तर चार पिल्ले कुशीवर पडलेली, पाय लुळे, श्वास जड आणि मानेवर सुई टोचलेली जागा काळपट झालेली. रात्री दोन गेली, पहाटे आणखी दोन. तेच इंजेक्शन, त्याच बाटलीतले, शेजारच्या कप्प्यातल्या पिलांना दिले होते. त्यांच्या आईने हे तेल खाल्लेले नव्हते आणि त्यांना काहीही झाले नाही. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. तेलामुळे हे घडले असेल का, आणि घडले असेल तर डुकरिणीला तेल द्यावे की देऊच नये?

पशुवैद्य नेरूळ

मुरबाडकर, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होय असे आहे. मात्र दोष तेल देण्याचा नसून खवट तेलाचा आहे.

खवटलेले तेल खाद्यातले ई जीवनसत्त्व संपवते. माशाच्या तेलातील लांब साखळीची मेदाम्ले हवेशी फार लवकर संयोग पावतात आणि मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या कॅनमध्ये ही क्रिया किती वेगाने होत असेल याची कल्पना आपण करू शकता. डुकरिणीच्या वारेतून ई जीवनसत्त्व पिलापर्यंत फारच थोडे पोहोचते. पिलाला ते मिळते मुख्यतः चिकातून. आईकडेच तुटवडा असेल तर चिकात काय उतरणार? अशा पिलाच्या अंगात एकदम दोनशे मिलिग्रॅम लोह गेले की ते लोह पेशींच्या पापुद्र्यांतील मेदाम्लांवर हल्ला चढवते, स्नायू विरघळू लागतात आणि त्यांतून रक्तात उतरलेल्या पोटॅशियममुळे हृदय बंद पडते. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम हे खनिज यांच्या कमतरतेत लोहाचे इंजेक्शन मारक ठरते, हे पशुवैद्यकात जुने आणि पक्के ज्ञान आहे. आपण वर्णन केलेली काळपट मान, लुळेपणा आणि काही तासांतला मृत्यू हे सारे त्याच्याशी जुळते. शवविच्छेदन झाले असते तर खात्री देता आली असती. पुन्हा असे घडले, आणि ते घडू नये, तर मृत पिल्लू बर्फात ठेवून त्याच दिवशी परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात पोहोचवा.

लोहाचे इंजेक्शन मात्र बंद करू नका. सिमेंटच्या जमिनीवर वाढणाऱ्या पिलाला आईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही आणि त्याशिवाय ते रक्त कमी होऊन पांढरे पडते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी पिलाची जन्मतःची अवस्था नीट समजून घेणे आवश्यक आहे. माणसाचे बाळ अंगावर चरबी घेऊन जन्मते. डुकराच्या पिलाच्या शरीरात जन्मतः चरबी असते जेमतेम एक ते दोन टक्के आणि तीही बहुतांशी पेशींच्या बांधणीतली, जाळून ऊब मिळवण्याजोगी नाही. त्याच्या यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपते. त्याला उबेसाठी जवळजवळ चौतीस अंश तापमान लागते. म्हणजे जुलैच्या पावसात मुरबाडच्या ओल्या फरशीवर ते पहिल्या तासापासून थंडीने गारठू लागते. रोगप्रतिकारक द्रव्ये वारेतून त्याच्याकडे येत नाहीत, तीही चिकातूनच यावी लागतात, आणि साधारण चोवीस तासांनंतर ती शोषून घेण्याचा त्याच्या आतड्याचा दरवाजा बंद होतो. तेवढ्या वेळात एका पिलाच्या पोटात किमान दोनशे ते अडीचशे ग्रॅम चीक गेला पाहिजे.

आईला दिलेले तेल गर्भातल्या पिलाला गुबगुबीत करत नाही, कारण वारेतून मेदाम्ले फार मर्यादित प्रमाणात पलीकडे जातात. ते तेल चिकात आणि दुधात उतरते, त्यांतील स्निग्धांश वाढवते आणि त्या वाटेने पिलाला पहिल्या दोनतीन दिवसांचे इंधन देते. १९८१ मध्ये तोपर्यंतच्या प्रयोगांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यातील दोन निष्कर्ष मला आजही उपयोगी वाटतात. एक असा की, विण्यापूर्वी डुकरिणीच्या पोटात एकूण एक किलोहून अधिक तेल किंवा चरबी गेली असेल तरच पिलांच्या जगण्यात फरक दिसतो. दुसरा असा की, ज्या कळपात शंभरातील ऐंशीपेक्षा कमी पिल्ले जगतात तिथे हा फायदा ठळक असतो. जिथे पिल्ले मुळातच चांगली जगतात तिथे तो फारसा हाती लागत नाही. आपल्याकडे किती जगतात, हे आधी वहीत पाहा.

रानफूल

डॉक्टर, आपण इतके समजावून लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. मुरबाडकर दादा, चार पिलांचे वाचून फार वाईट वाटले.

टिटवाळ्याला माझ्या सहाच डुकरिणी आहेत. खाद्य म्हणजे तांदळाची कणी, गिरणीचा कोंडा आणि थोडी सोयाबीन पेंड. माझी सासू व्यायला आलेल्या डुकरिणीला खोबरेल तेल पाजायची आणि त्या वेतातील बारकी पिल्लेसुद्धा तग धरायची, असे घरात सगळे सांगतात. यात काही तथ्य आहे का? आणि माझ्या खाद्यात तेल कमी पडत असेल का?

पशुवैद्य नेरूळ

ताई, आपल्या सासूबाईंच्या अनुभवाला आधार आहे. खोबरेल तेलात मध्यम साखळीची मेदाम्ले असतात. जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा आणि सुमारे चौदा टक्के कॅप्रिलिक व कॅप्रिक आम्लांचा. या शेवटच्या दोघांना पचनासाठी फारसा खटाटोप लागत नाही. ती आतड्यातून थेट यकृताकडे जातात आणि तिथे तत्काळ जळतात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात डुकरिणींना गाभणपणाच्या ९१ व्या दिवसापासून मध्यम साखळीचे तेल दिले, तेव्हा नऊशे ग्रॅमपेक्षा कमी वजनाची पिल्ले अधिक जगली. ते तेल शुद्ध केलेले होते आणि आहारात दहा टक्के इतके होते, म्हणून वाटीभर खोबरेलाकडून तेवढीच अपेक्षा ठेवता येणार नाही. पण दिशा तीच आहे.

आता खोबरेलाची उणीव. डुकराला दोन मेदाम्ले शरीरात तयार करताच येत नाहीत, ती खाद्यातूनच यावी लागतात: लिनोलिक, म्हणजे ओमेगा-६ घराण्याचे मूळ, आणि अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे ओमेगा-३ चे. खोबरेलात लिनोलिक दोनएक टक्केच असते आणि अल्फा-लिनोलेनिक जवळपास नसतेच. कणीत मुळात तेलच नगण्य. त्यामुळे आपल्या डुकरिणींना ही दोन्ही कमी पडत असावीत, अशी मला दाट शंका आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २०१२ च्या तक्त्यात दूध देणाऱ्या डुकरिणीची लिनोलिकची गरज दिवसाला जेमतेम सहा ग्रॅम धरली आहे. मात्र ती दुधावाटे याच्या कित्येक पट लिनोलिक बाहेर टाकते. २०१६ च्या एका सविस्तर आढाव्यात म्हणूनच दिवसाला किमान १२५ ग्रॅम लिनोलिक आणि १० ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक असा सल्ला दिला गेला. हा आकडा चालू वेतापेक्षा पुढच्या वेतासाठी महत्त्वाचा आहे: शरीरातील साठा रिता झालेली डुकरीण दूध तोडल्यावर वेळेवर माजावर येत नाही, आली तरी फळत नाही किंवा गर्भ टिकत नाही, आणि वयस्क डुकरिणींत हे अधिक दिसते.

मुरबाडकर

डॉक्टर, हिशेब करून पाहिला, चुकला तर दुरुस्त करा. माझी दुधातली डुकरीण पाच किलो खाद्य खाते, त्यात तीन किलो मका. मक्यात सुमारे पावणेदोन ते दोन टक्के लिनोलिक धरले तर पन्नास-साठ ग्रॅम तिथूनच आले. सोयाबीन तेलात निम्म्याहून थोडे जास्त लिनोलिक आणि सात टक्क्यांच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असते. म्हणजे दीडशे ग्रॅम सोयाबीन तेलातून सुमारे ऐंशी ग्रॅम लिनोलिक आणि दहा ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक मिळते. दोन्ही मिळून आपण दिलेला आकडा भरतो. शिवाय विण्याच्या सात दिवस आधीपासून रोज दीडशे ग्रॅम दिले तर एक किलोची अटही पूर्ण होते. मग मी माशाचे तेल आणायला गेलो तरी कशाला?

पशुवैद्य नेरूळ

हिशेब बरोबर आहे. फक्त मे महिन्यात डुकरीण पाच किलो खात नाही, साडेतीनवर येते, म्हणून त्या दिवसांत तेलाचे प्रमाण थोडे वाढवावे लागेल. पिष्टमय खाद्य पचवताना शरीरात जेवढी उष्णता तयार होते त्यापेक्षा तेलाची कमी होते, आणि एक ग्रॅम तेलातून ऊर्जा मात्र सव्वादोन पट मिळते. त्यामुळे आपल्या दमट उकाड्यात तेलाचा उपयोग थंड प्रदेशापेक्षा जास्त आहे, असे माझे मत आहे. खाद्य पहाटे आणि रात्री उशिरा द्या.

खारीगावचा

माझ्या ओळखीचे काही जण ठाण्यातील वडापावच्या गाड्यांवरून आणि हॉटेलांतून तळणाचे उरलेले तेल आणतात आणि उष्टे-खरकटे उकळताना त्यात ओततात. फुकट मिळते, जनावरे आवडीने खातात. हे तेल चालेल का? चालत असेल तर दीडशे ग्रॅम विकत का घ्यायचे?

तुर्भेकर

मी तुर्भ्याच्या घाऊक बाजारात तीस वर्षे खाद्यतेलाचा व्यवहार केला आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. कृपया ते तेल जनावराला देऊ नका. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात लिनोलिक मोडून गेलेले असते आणि त्याच्या जागी जे तयार होते तेच मुरबाडकरांच्या पिलांना भोवलेले आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल तापून मोडल्यावर तयार होणाऱ्या द्रव्यांची, मर्यादा पंचवीस टक्के ठरवली आहे. त्यापलीकडे गेलेले तेल माणसाच्या अन्नाला अयोग्य. ते बायोडिझेलकडे जावे यासाठी गोळा करण्याची वेगळी व्यवस्थाही आहे. माणसासाठी नाकारलेले तेल गाभण जनावराच्या गव्हाणीत जाणे मला योग्य वाटत नाही.

चांगले तेल ओळखण्याविषयी दोन शब्द. थेंबभर तेल तळहातावर घेऊन दुसऱ्या तळव्याने जोराने चोळा आणि लगेच हुंगा. उबेने वास मोकळा होतो. जुन्या रंगासारखा किंवा जवसाच्या वॉर्निशसारखा उग्र वास आला तर परत करा. मोठा माल घेणाऱ्याने पेरॉक्साइड मूल्याचा, म्हणजे तेल कितपत खवटले ते दाखवणाऱ्या आकड्याचा, दाखला मागावा. तो मागण्यात संकोच करू नये, प्रामाणिक व्यापारी तो देतो. मात्र फार जुन्या तेलात पेरॉक्साइड पुन्हा घटलेले असते, त्यामुळे दाखल्याबरोबर नाकाचाही कौल घ्यावा. तांब्यापितळेच्या किंवा गंजलेल्या लोखंडी भांड्यात तेल साठवू नये. हे धातू खवटपणा वेगाने वाढवतात. लहान डबे घ्यावेत, उघडलेला डबा दोनतीन आठवड्यांत संपवावा.

पशुवैद्य नेरूळ

तुर्भेकरांशी पूर्ण सहमत. खारीगावकर, आणखी एक. उष्ट्या-खरकट्यात डुकराच्या मांसाचे अंश असतात आणि आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या, मांसातूनही पसरणाऱ्या रोगाने २०२० मध्ये आपल्या देशात आसाम-अरुणाचलात प्रवेश केल्यापासून हा प्रश्न केवळ पोषणाचा राहिलेला नाही. ते द्यायचेच असेल तर नव्वद अंशांवर, सतत ढवळत, पूर्ण एक तास शिजवा. एक उकळी आणून उतरवणे पुरेसे नाही.

रानफूल

गिरणीच्या कोंड्याचे कोणी सांगाल का? कोंड्यात तेल असते असे ऐकले आहे.

तुर्भेकर

ताई, असते. पॉलिश करणाऱ्या गिरणीच्या ताज्या कोंड्यात पंधरा ते वीस टक्के तेल असते आणि त्यातील सुमारे एक तृतीयांश लिनोलिक. मात्र तांदळाचा दाणा सोलला गेला की कोंड्यातील लायपेज नावाचे विकर लगेच तेल तोडू लागते; म्हणून तेलाच्या कारखान्यात कोंडा त्याच दिवशी वाफवतात किंवा त्यातून तेल काढतात. पावसाळ्यात चार दिवस पडलेला कोंडा कडवट लागतो, तो यामुळे. खेड्यातील हलर गिरणीच्या कोंड्यात तूस मिसळलेले असते, त्यात तेल कमी. बाजारात गोणीत मिळणारा तेल काढलेला कोंडा स्वस्त असतो, पण त्यात एखादाच टक्का तेल उरते. आपण कोणता वापरता ते पाहा. गिरणी जवळ असेल तर रोजचा रोज आणा आणि मोठ्या कढईत कोरडाच चांगला भाजून घ्या.

दिवाळेकर

आमच्या कोळीवाड्यात तारलीचे तेल होडीच्या लाकडाला लावतात. मुरबाडकरांना मिळालेला कॅन तसल्याच तेलाचा असावा, असे त्यांचे वर्णन वाचून वाटले. होडीसाठीचे तेल जुने, दाट आणि लाल झालेले चालते, किंबहुना ते लाकडावर लवकर सुकावे हीच अपेक्षा असते. सुकणे म्हणजेच हवेशी संयोग. ते पोटात घालण्याचे तेल नव्हे. कोणी कोळीवाड्यातून किंवा धक्क्यावरून स्वस्तात आणत असेल तर त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मुरबाडकर

दादा, आपण लिहिलेत ते वाचून मी शेडमध्ये जाऊन कॅन पुन्हा पाहिला. तळाशी मधासारखा दाट साका होता आणि तोंडाच्या कडेला जिथे तेल ओघळले होते तिथे पिवळा, कडक पापुद्रा धरला होता, नखाने उचलला तर तुकडा निघाला. लाकडावरचे वॉर्निशच. इतके दिवस ते माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी तेच माप भरून गव्हाणीत टाकत होतो, याचे मला मनापासून दुःख आहे.

डॉक्टर, चांगल्या प्रतीचे माशाचे तेल मिळाले तर?

पशुवैद्य नेरूळ

स्कॉटलंडमध्ये सामन माशाच्या तेलावर चांगले काम झाले आहे. गाभणपणात ते दिलेल्या डुकरिणींची पिल्ले दूध तुटेपर्यंत कमी दगावली, विशेषतः आईच्या अंगाखाली चिरडून मरणारी कमी झाली. माशाच्या तेलातील डीएचए हे मेदाम्ल मेंदूच्या आणि डोळ्यांच्या बांधणीत जाते, त्याचा काही अंश वार ओलांडतो, आणि चपळ पिल्लू आई आडवी होताना वेळीच बाजूला सरकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. मात्र त्याच प्रयोगात जन्मवजन किंचित घटले होते. म्हणजे ही निव्वळ लाभाची गोष्ट नाही.

बावीस डुकरिणींच्या, शीतगृह नसलेल्या कळपाला मी ते सुचवणार नाही. ओमेगा-३ हवेच असेल तर आपल्या महाराष्ट्रातले जवस आहे. त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक असते. कच्च्या जवसात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, म्हणून भाजून भरडावे आणि भरडल्यावर आठवड्याभरात संपवावे. दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम पुरे. शरीर जवसातून डीएचए फारच थोडे बनवते, त्यामुळे ते माशाच्या तेलाची जागा घेणार नाही, पण दहा ग्रॅमची गरज नक्की भागवेल. कोणतेही तेल वाढवाल तेव्हा ई जीवनसत्त्वही वाढवा. २०१२ च्या तक्त्यात डुकरिणीसाठी किलोमागे ४४ एकके दिली आहेत, तेल घातलेल्या खाद्यात मी त्याहून बरेच अधिक ठेवतो.

मुरबाडकर

पावसाळ्यातली नोंद देतो. आषाढात व्यालेल्या तीन डुकरिणींना गाभणपणाच्या १०४ व्या दिवसापासून दीडशे ग्रॅम ताजे सोयाबीन तेल आणि वाढीव ई जीवनसत्त्व दिले. तिघींची मिळून एकतीस पिल्ले जिवंत जन्मली, सत्तावीस दूध तुटेपर्यंत राहिली. तीन डुकरिणींवरून काही सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. लोहाचे इंजेक्शन सर्वांना दिले, कोणालाही त्रास झाला नाही. एक पिल्लू मात्र साडेसातशे ग्रॅमचे होते. ते सडापर्यंत पोहोचत नव्हते. बायकोने त्याला पदराखाली धरून, आईचा चीक वाटीत पिळून, दर तासाला चमच्याने पाजला; पाचव्या वेळी त्याने चमचा चावला आणि त्यानंतर ते स्वतः सडाला लागले. त्या चिकाचा पिवळा, साईसारखा थर चमच्याच्या पाठीला चिकटून राहत होता, तसा मी याआधी पाहिला नव्हता.

रानफूल

वाचून डोळे भरून आले. वहिनींना नमस्कार सांगा. मी या आठवड्यात कणी निम्मी करून मका आणते आहे आणि सोयाबीन तेलाचे पाच लिटरचे दोनच डबे घेते आहे. सासूबाईंची खोबरेलाची वाटी मी बंद करणार नाही; विण्याच्या आठवड्यात तीही राहील. डॉक्टर, चालेल ना?

पशुवैद्य नेरूळ

चालेल, ताई. दीडशे ग्रॅमपैकी पन्नास खोबरेल आणि शंभर सोयाबीन असे ठेवा, आणि डबा उघडाल त्या दिवसाची तारीख त्यावर लिहा.